निखळलेला खुबा : निदान आणि उपचारांचा इतिहास

खुब्याच्या सांध्याचे दोन भाग असतात : मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि कटीच्या हाडातील वाटी. नवजात बाळात हे दोन्ही भाग बरेचसे कूर्चेचे असतात आणि एकमेकांच्या आधाराने घडत जातात. माथा वाटीत नीट बसलेला असेल तर त्याच्या दाबाने वाटी खोल व गोल होते. तो कडेला सरकलेला असेल तर वाटी उथळ राहते आणि उथळ वाटीतून माथा आणखी निसटतो. काही बाळांत वाटी नुसती उथळ असते, काहींत माथा आत-बाहेर होत राहतो, तर काहींत तो पूर्णपणे बाहेर गेलेला असतो. या सर्व अवस्थांना मिळून आज खुब्याचा विकासदोष म्हणतात. पूर्ण निखळलेला खुबा साधारण हजार जन्मांमागे एक-दोन बाळांत आढळतो. मुलींमध्ये त्याचे प्रमाण मुलांच्या चार ते सहा पट आहे. उजव्यापेक्षा डावा खुबा अधिक वेळा निखळतो. पहिलटकरणीचे बाळ, गर्भात डोके वर व ढुंगण किंवा पाय खाली असलेले, म्हणजे पायाळू, बाळ आणि घरात आधी कोणाला हा दोष असलेले बाळ यांना धोका जास्त असतो.

हा विकार दुखत नाही. बाळ हसते, खेळते, पाय झाडते, वेळेवर बसते, त्यामुळे घरात कोणाला शंका येत नाही. मूल चालू लागल्यावर ते लंगडते, किंवा दोन्ही बाजू निखळलेल्या असतील तर कंबर मागे काढून डोलत चालते, आणि मग पहिल्यांदा चौकशी सुरू होते. तोवर वर्ष-दीड वर्ष उलटून गेलेले असते. वय वाढेल तसा माथा वर चढतो, स्नायू आखडतात, रिकामी वाटी चरबीने व तंतूंनी भरते आणि दुरुस्ती अवघड होत जाते. म्हणून या रोगाच्या इतिहासात शस्त्रक्रियांपेक्षा रोग ओळखण्याच्या वयाला अधिक महत्त्व आहे. हे वय मूल चालू लागल्यानंतरच्या काळावरून जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खाली आले आणि उपचारही तसतसे सौम्य होत गेले.

जन्मतःच निखळलेला खुबा प्राचीन वैद्यांना माहीत होता. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरील ग्रीक ग्रंथात, गर्भातच खुबा निखळलेल्यांचा आणि त्यांच्या चालीचा उल्लेख आहे. त्यानंतर अनेक शतके या माहितीत फारशी भर पडली नाही. लंगडणाऱ्या मुलांची गर्दी मोठी होती. मुडदूस, पोलिओ आणि मुख्य म्हणजे खुब्याचा क्षय यांमुळे युरोपातील असंख्य मुले लंगडत होती. त्या गर्दीतून हा विकार वेगळा काढायला बाहेरून पाहण्याखेरीज साधन नव्हते. मिलानचे शल्यवैद्य जोव्हान्नी बातिस्ता पालेत्ता यांनी अशा बालकाच्या मृतदेहाचे विच्छेदन करून सांध्याची रचना पाहिली. पुढे १८२६ मध्ये पॅरिसचे गियोम दुपुइत्रां यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अशा मुलांना वेदना, सूज, गळू यांपैकी काहीही नसते, म्हणून हा क्षय नव्हे आणि मारही नव्हे, तर मूळचीच विकृती आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मात्र तिच्यावर इलाज नाही, रुग्णाला फार तर थोडा आराम देता येईल, असाही निर्वाळा त्यांनी दिला. दुपुइत्रांचा अधिकार एवढा मोठा होता की हे मत पुसायला काही दशके लागली.

ते पुसण्याचा प्रयत्न फ्रान्समध्येच झाला. लियों येथील शार्ल-गाब्रिएल प्राव्हाझ मुलांना महिनोन्महिने खाटेवर ठेवून वजने लावून पाय खाली ओढत आणि माथा वाटीच्या पातळीला आणून बसवत. १८४७ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. उपचार खर्चिक आणि कंटाळवाणा होता, यशही बेभरवशाचे होते, तरी असाध्य म्हणून सोडून दिलेल्या विकारावर काही करता येते एवढे त्यातून दिसले. त्याहून दूरदृष्टीचे मत जर्मनीत मारबुर्गच्या व्हिल्हेल्म रोझर यांनी १८७९ मध्ये मांडले. नवजात बाळांचे खुबे तपासले तर दोष जन्मताच सापडेल आणि मांड्या फाकवून ठेवल्या की तो बरा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आज जगभर चालणाऱ्या उपचाराचा हा गाभाच आहे. पण धडधाकट दिसणाऱ्या नवजात बाळाचे खुबे तपासून पाहण्याचा प्रघात कुठेच नव्हता आणि रोझर यांचे म्हणणे मागे पडले.

१८९५ या वर्षी दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. फ्रीड्रिख ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी या मुलांच्या डोलत्या चालीचे कारण सांगितले. एका पायावर उभे राहताना कंबरेची दुसरी बाजू सावरून धरणारे स्नायू खुबा निखळल्यामुळे दुबळे पडतात आणि ती बाजू खाली झुकते. मुलाला एका पायावर उभे करून हे झुकणे पाहण्याची त्यांची चाचणी आजही वापरात आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर माथा नेमका कुठे आहे आणि उपचारानंतर तो वाटीत बसला की नाही, हे जिवंत मुलात प्रथमच पाहता येऊ लागले. त्याआधी यशाचे सारे दावे हातांच्या अंदाजावर उभे होते.

तोवर भूल आणि जंतुनाशके आली होती. वुर्झबुर्गचे आल्बर्ट होफा यांनी १८९० मध्ये सांधा उघडून, वाटी कोरून, माथा आत बसवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. व्हिएन्नाचे अडोल्फ लोरेन्झ यांनीही आरंभी हाच मार्ग धरला. परंतु जंतुसंसर्ग, मृत्यू आणि कायमचे आखडलेले सांधे ही त्याची किंमत होती. लोरेन्झ यांची आणखी एक अडचण होती. जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे कार्बोलिक आम्ल त्यांच्या हातांच्या कातडीला सोसत नसे. त्यामुळे ते चाकूविना उपचाराकडे वळले. मुलाला भूल देऊन, मांडीच्या आतल्या बाजूचे आखडलेले स्नायू हाताने ताणून व तोडून, माथा वाटीच्या कडेवरून आत सरकवायचा, मग दोन्ही मांड्या काटकोनात फाकवून प्लास्टर घालायचे आणि ते कित्येक महिने ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती. प्लास्टर असतानाच मुलाने उभे राहावे, चालावे, म्हणजे दाबाने वाटी खोल होईल, असा त्यांचा आग्रह असे. पिसाचे आगोस्तिनो पाची यांनी यासारखी पद्धत आधी वापरली होती आणि श्रेय कोणाचे यावर दोघांत वाद झाला. नाव मात्र लोरेन्झ यांचेच झाले.

१९०२ मध्ये शिकागोच्या आर्मर या मांस-उद्योगपतींनी आपल्या लहान मुलीच्या, लोलिताच्या, उपचारासाठी लोरेन्झ यांना व्हिएन्नाहून बोलावून घेतले. वर्तमानपत्रांनी ही बातमी अमेरिकाभर नेली. लोरेन्झ यांनी शहरोशहरी डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिके केली आणि त्यांच्या मुक्कामी अपंग मुलांना घेऊन आलेल्या पालकांची रीघ लागली. लहान मुलाचे लंगडणे दुरुस्त करता येते, हे सामान्य माणसाच्या मनावर या दौऱ्याने ठसवले.

पुढे क्ष-किरणांच्या छायाचित्रांनी या पद्धतीची दुसरी बाजू उघड केली. अनेक मुलांचा माथा पुन्हा निसटला होता. काहींचे हाड मोडले होते, काहींच्या नसांना इजा झाली होती. सर्वांत गंभीर दोष माथ्याच्या रक्तपुरवठ्याचा होता. मांडीच्या हाडाचा माथा बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो. मांड्या जोराने टोकापर्यंत फाकवून महिनोन्महिने जखडल्या की या वाहिन्या चेपतात, माथ्यातील हाड मृत होते आणि तो चपटा व वेडावाकडा वाढतो. अशी मुले काही वर्षे बरी चालत आणि तरुणपणीच संधिवाताने बेजार होत. माथा जागेवर बसवणे पुरेसे नाही, तो इजा न करता बसवला पाहिजे, हे या अपयशांतून कळले.

ज्या वयात आतले स्नायू तोडण्याची गरजच पडत नाही, त्या वयात उपचार करणे हा त्यावरचा उपाय होता. फ्रान्समध्ये रेन येथील पिएर ल दामानी यांनी पहिल्या महायुद्धाआधीच नवजात बाळांचे खुबे हाताने तपासून त्यांतील अस्थिरता नोंदवली होती. बोलोन्याच्या रिझ्झोली संस्थेतील व्हित्तोरियो पुत्ती यांनी १९२०च्या दशकात हा विचार नेटाने मांडला. मूल चालू लागण्याआधी, शक्य तर पहिल्या वर्षातच, मांड्यांमध्ये साधी त्रिकोणी गादी ठेवून पाय फाकवले तर वाटी आपोआप घडते, असे त्यांनी अनेक बाळांवर दाखवले. निदानासाठी त्यांची भिस्त क्ष-किरणांवर होती. याच काळात प्रागचे हाइन्रिख हिल्गेनराइनर यांनी १९२५ मध्ये छायाचित्रावर रेषा आखून माथ्याची जागा व वाटीचा उतार मोजण्याची रीत दिली. परंतु माथ्यात हाड धरू लागते तेच चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास. त्याआधीच्या छायाचित्रात कूर्चा दिसत नाही. त्यामुळे सर्वांत महत्त्वाच्या पहिल्या काही आठवड्यांत क्ष-किरणांचा उपयोग थोडाच होता.

ही उणीव भरून काढली ती इटलीतील फेर्रारा येथील बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांनी. बाळाला धुताना त्याच्या मांडीतून काहीतरी सरकल्यासारखे जाणवते, अशी एका आईने त्यांच्याकडे तक्रार केली. ओर्तोलानींनी स्वतः तपासले तेव्हा मांडी बाहेर फाकवताना निसटलेला माथा वाटीच्या कडेवरून खट्कन आत आल्याचे हाताला कळले. १९३७ मध्ये त्यांनी ही खूण प्रसिद्ध केली आणि पुढे फेर्राऱ्यात बाळांच्या तपासणीचे केंद्र उभारले. या तपासणीला यंत्र लागत नाही. बाळ शांत व उताणे हवे, गुडघे-खुबे दुमडलेले हवेत आणि बोटे मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर हवीत. सारे कसब हलक्या हातात असते. जोर लावला किंवा बाळ रडत असले तर खूण हरवते. दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आखडू लागले की ही खूण मिळेनाशी होते. त्यानंतर एक मांडी कमी फाकणे, एक गुडघा खाली दिसणे आणि मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसणे यांवर लक्ष ठेवावे लागते. वळ्यांतला फरक निरोगी बाळांतही आढळतो, म्हणून केवळ त्यावरून निदान होत नाही.

रोग लवकर सापडू लागला तसे चेकोस्लोव्हाकियात उपचारही बदलले. ब्रनोचे बेदर्झिख फ्रेइका यांनी १९४० च्या सुमारास बाळाच्या मांड्यांमध्ये बांधायची मऊ उशी आणली. त्यांचे सहकारी अर्नोल्ड पाव्हलिक यांनी त्याहून वेगळा विचार केला. पाय एका जागी जखडणे हेच माथ्याच्या नाशाचे कारण आहे, म्हणून बाळाला पाय हलवू द्यावेत, फक्त ते सरळ करू देऊ नयेत, असे त्यांचे मत झाले. खांद्यावरून उतरणाऱ्या आणि पावले अडकवायच्या पट्ट्यांचा साज त्यांनी १९४०च्या दशकात तयार केला. त्यात खुबे व गुडघे दुमडलेले राहतात, मांड्या स्वतःच्या वजनाने हळूहळू बाहेर पडतात आणि बाळाच्या हालचालीनेच माथा वाटीच्या मध्याकडे सरकतो. लोरेन्झ ज्या स्नायूंना बळाने तोडत, ते स्नायू इथे आपणहून सैल होतात. हा पट्टा सुरुवातीला मध्य युरोपात आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. सहा महिन्यांखालील बाळांसाठी आज बहुतेक ठिकाणी तोच पहिला उपचार आहे.

नवजात बाळांच्या सरसकट तपासणीचा प्रश्न १९५०च्या दशकात पुढे आला. स्वीडनमधील माल्मो येथे फॉन रोझेन यांनी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी सुरू करून, दोष आढळलेल्यांना वाकवता येणाऱ्या धातूच्या पट्टीने पाय फाकवून ठेवले. इंग्लंडमधील सॅलफर्डच्या टॉमस बार्लो यांनी ओर्तोलानींच्या खुणेला दुसरी चाचणी जोडली : माथा आत असलेला पण निसटू शकणारा खुबा हलकेच मागे दाबून पाहायचा. १९६२ मधील त्यांच्या लेखातील निष्कर्ष प्रसिद्ध आहेत. सुमारे साठ बाळांमागे एकाचा खुबा जन्मतः अस्थिर होता. मात्र त्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या आठवड्यातच आणि बहुतेक सर्व दोन महिन्यांत उपचाराविना स्थिर झाले. यातून नवा पेच उभा राहिला. सर्वांना पट्टा बांधला तर अनेक निरोगी बाळांना विनाकारण उपचार होतात आणि वाट पाहिली तर काहींची संधी हुकते.

याच सुमारास बाळाला कसे गुंडाळतात व कसे उचलतात याकडेही अभ्यासकांचे लक्ष गेले. उत्तर अमेरिकेतील नाव्हाहो लोक बाळाला पाय सरळ ठेवून फळीवर बांधत. स्कँडिनेव्हियातील सामी लोकांचे पाळणेही तसेच अरुंद असत. दोन्ही समाजांत या विकाराचे प्रमाण मोठे होते. आई बाळाला पाठीवर किंवा कडेवर फाकलेल्या पायांनी वागवते अशा आफ्रिकेच्या आणि आशियाच्या अनेक भागांत ते कमी आढळले. याचा ठळक पुरावा जपानने दिला. तेथे १९७०च्या दशकाच्या मध्यापासून बाळाचे पाय ताणून न गुंडाळण्याची मोहीम चालवली गेली आणि निखळलेल्या खुब्यांचे प्रमाण झपाट्याने उतरले. महाराष्ट्रात मूल कडेवर घेण्याची रीत खुब्याला पोषक आहे. मान सावरण्याआधीच्या पहिल्या महिन्यांत दुपट्यात पाय सरळ करून आवळून गुंडाळण्याची रीत मात्र अपायकारक आहे. दुपटे छातीशी घट्ट असले तरी चालते, पण कमरेखाली ते सैल हवे आणि बाळाला गुडघे दुमडून मांड्या फाकवता आल्या पाहिजेत.

ज्यांचे निदान उशिरा झाले त्यांच्यासाठी शस्त्रक्रियाही सुधारत होत्या. टोरोंटोच्या बाल रुग्णालयातील रॉबर्ट सॉल्टर यांच्या लक्षात आले की या मुलांची वाटी उथळ असते तशीच ती चुकीच्या दिशेला तोंड करून असते. वाटीच्या वर कटीचे हाड कापून, वाटीसह खालचा तुकडा पुढे व बाहेर वळवून, मधल्या फटीत त्याच मुलाच्या हाडाची पाचर बसवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. प्लास्टरमध्ये मांड्या टोकापर्यंत न फाकवता खुबे अधिक दुमडून ठेवावेत, म्हणजे माथ्याचा रक्तपुरवठा टिकतो, हेही त्यांनी ठामपणे सांगितले. बेलग्रेडचे प्रेद्राग क्लिसिच यांनी मोठ्या मुलांत मांडीचे हाड थोडे आखूड करण्याची जोड दिली, त्यामुळे वर चढलेला माथा ताण न देता खाली आणता येऊ लागला. ज्यांच्यासाठी हेही उशिराचे होते त्यांना जॉन चार्नले यांनी १९६०च्या दशकात यशस्वी केलेल्या कृत्रिम सांध्याचा आधार मिळाला. तरुण वयात खुबा बदलावा लागणाऱ्या रुग्णांत या विकाराचे रुग्ण अजूनही बरेच असतात.

बार्लो यांच्या निष्कर्षांनी उभा केलेला पेच बऱ्याच अंशी सोडवला तो सोनोग्राफीने. ऑस्ट्रियातील श्टोल्झआल्पे येथील राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये दाखवले की क्ष-किरणांना न दिसणारी कूर्चा ध्वनिलहरींनी स्पष्ट दिसते. वाटीच्या हाडाचा कोन मोजून त्यांनी खुब्यांचे प्रकार पाडले. हा कोन साठ अंश किंवा अधिक असेल तर खुबा परिपक्व मानतात. हाताला न कळणारी उथळ वाटीही आता पहिल्या आठवड्यांत सापडू लागली. ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये आणि जर्मनीने १९९६ मध्ये सर्व बाळांची सोनोग्राफी सुरू केली. ब्रिटनसारख्या देशांनी सर्वांची हाताने तपासणी आणि धोका असलेल्यांचीच सोनोग्राफी हा मार्ग पत्करला. या दोहोंतील अधिक योग्य कोणता, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. काही खुबे जन्मानंतरही बिघडतात हे लक्षात आल्यामुळे पूर्वीचे ‘जन्मजात निखळणे’ हे नाव मागे पडून १९९०च्या सुमारास ‘विकासदोष’ हे नाव रूढ झाले.

आज उपचाराची पायरी वयावर ठरते. सहा महिन्यांपर्यंत पाव्हलिकचा पट्टा सहसा दोन-तीन महिने बांधतात. तीन-चार आठवड्यांत माथा आत आला नाही तर पट्टा काढतात, कारण चुकीच्या जागी दाब पडून वाटीच बिघडते. सहा ते अठरा महिन्यांच्या मुलाला भूल देऊन माथा अलगद बसवतात आणि कमरेपासून प्लास्टर घालतात. त्याहून मोठ्या मुलात बहुधा सांधा उघडावा लागतो आणि वाटी किंवा मांडीचे हाड कापून दिशा बदलावी लागते. पट्ट्याने बरा झालेला खुबा पुढे निरोगी खुब्यासारखाच चालण्याची शक्यता मोठी असते. दीड वर्षानंतर तशी हमी कोणताही शल्यविशारद देऊ शकत नाही.

भारतात निदान होणाऱ्या मुलांत चालू लागलेली मुलेच पुष्कळ असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्यात तपासायच्या जन्मदोषांच्या यादीत खुब्याच्या विकासदोषाचा समावेश आहे. प्रसूतिगृहात, घरी आशा कार्यकर्तीकडून आणि पुढे अंगणवाडीत व शाळेत बालकांची पाहणी व्हावी, अशी या कार्यक्रमाची रचना आहे. तिचा लाभ होण्यासाठी पालकांनीही सजग असले पाहिजे. बाळ पायाळू असेल किंवा घरात कोणाला हा दोष असेल, तर ते सहा आठवड्यांचे होईपर्यंत त्याच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी. लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकत असेल, एक पाय आखूड वाटत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर ‘मोठे झाल्यावर होईल बरे’ म्हणून न थांबता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. हा दोष पहिल्या काही आठवड्यांत सापडला तर बहुतेक बाळे कापडी पट्ट्याने बरी होतात.